चांदोबातले शंकर आणि आमची गल्ली

चांदोबा वाचत मोठ्या झालेल्या कुणालाही विचारा, विक्रमादित्य दिसायला कसा होता? उत्तर लगेच येतं. भरदार मिशा, अंगावर दागिने, हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबतं प्रेत. मागच्या अंधारात वेताळ, केस सुटलेले. पायाशी कवट्या. हे उत्तर मी बेळगावात ऐकलं आहे, खानापुरात ऐकलं आहे, निपाणीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका आजोबांकडूनही ऐकलं आहे. खरं तर त्या राजाला पाहिलेलं कुणीच नाही. त्याच्या मिशा कशा होत्या, प्रेत खांद्यावर घेऊन तो कसा चालायचा, हे कथा सांगत नाही. ते मद्रासमध्ये टेबलाशी बसलेल्या एका माणसाने ठरवलं आणि आपण सगळ्यांनी ते जसंच्या तसं मान्य केलं.

त्या माणसाचं नाव शंकर. पूर्ण नाव करत्तोळुवु चंद्रशेखरन शिवशंकरन. चित्राच्या कोपऱ्यात त्यांची बारीक सही असायची. लहानपणी ती कुणी वाचत नाही. मोठेपणी अंक हातात राहत नाहीत. त्यामुळे इतकी वर्षं घराघरांत राहिलेला हा माणूस बिननावाचाच राहिला, आणि याची मला मनापासून रुखरुख वाटते.

आमच्या घरातल्या मोठ्यांचे चित्रकार वेगळे होते. दिवाळी आली की दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळ गोव्याचे, म्हणजे बेळगावकरांच्या दृष्टीने घाटाखालचे शेजारी, त्यामुळे त्यांच्याबद्दल जरा जास्तच जिव्हाळा. मुळगावकरांचे देव कॅलेंडरांतून दुकानांच्या भिंतींवर असायचे, दलालांची मुखपृष्ठं कापून जपून ठेवली जायची. ही नावं आदराने घेतली जायची. चांदोबाच्या चित्रकाराचं नाव मात्र कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. पोरांच्या मासिकात चित्रं असायचीच, ती कुणीतरी काढलेली असणार, एवढ्यावर विषय संपायचा.

शंकर यांचा जन्म १९ जुलै १९२४ चा, तमिळनाडूतल्या इरोडकडच्या एका खेड्यातला. वडील शाळामास्तर. १९३४ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, आई आणि भावाबरोबर ते मद्रासला आले आणि पुढचं सगळं आयुष्य त्या शहरात गेलं. शाळेत चित्रकलेच्या शिक्षकांनी या मुलाचा हात ओळखला आणि बी.ए., एम.ए.च्या वाटेला न लावता त्याला कलाशाळेची वाट दाखवली. एखाद्या शिक्षकाने वेळेवर सांगितलेलं एक वाक्य किती लांब जातं, हे मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे असेल, मला फार मोठं वाटतं. १९४१ मध्ये शंकर मद्रासच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले.

तिथे प्राचार्य होते देवीप्रसाद रायचौधुरी. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर एक प्रचंड धोंडा हलवायला जोर लावणाऱ्या चार मजुरांचं शिल्प आहे, ते यांचंच. त्या शिल्पाचं छायाचित्र जरूर बघा. पोटऱ्या ताणलेल्या, पाठी वाकलेल्या, टाच जमिनीत रुतलेली. ओझं उचलताना माणसाचं शरीर काय काय करतं, हे त्या मास्तरांना पुरतं ठाऊक होतं. आणि मग त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्याचा विक्रमादित्य बघा. प्रेत खांद्यावर नुसतं टेकलेलं नाही. ते लोंबतं, त्याचं वजन खाली ओढतं, आणि राजाच्या कमरेपासून मानेपर्यंतचं अंग त्या वजनाला उत्तर देतं. हा माझा स्वतःचा तर्क आहे, पण मला त्या दोन कामांमध्ये गुरुशिष्याचं नातं अगदी स्वच्छ दिसतं.

कलाशाळेतून बाहेर पडल्यावर १९४६ साली शंकर ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात लागले आणि १९५२ साली ‘चंदमामा’त आले. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलं होतं. ‘पाताळ भैरवी’ आणि ‘मायाबझार’ हे चित्रपट काढणारी हीच जोडी. अद्भुताची त्यांची आवड पडद्यावर होती तशीच कागदावरही होती. १९४९ मध्ये मासिक कन्नड आणि हिंदीत निघालं आणि १९५२ मध्ये मराठीत, ‘चांदोबा’ या नावाने. म्हणजे शंकर तिथे रुजू झाले आणि चांदोबा मराठी घरांत आला, ते साल एकच.

या मासिकाच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. गोष्टी मुख्यतः तेलुगूत तयार व्हायच्या, मग त्या एकेका भाषेत जायच्या. चित्रं मात्र एकदाच काढली जायची. तेच चित्र, बहुधा पानावरच्या त्याच जागी, आणि भोवती दर भाषेचा वेगळा मजकूर. पुढे भाषा वाढत गेल्या, गुजराती, ओडिया, बंगाली, संस्कृतसुद्धा. शंकर यांनी एक चित्र पूर्ण करून बाजूला ठेवलं की ते किती लिप्यांच्या शेजारी जाऊन बसणार आहे, याचा हिशेब त्यांनाही ठेवता आला नसता. त्यातल्या दोन लिप्या आमच्या गल्लीत येत होत्या.

बेळगावचा प्रश्न नव्याने सांगायला नको. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं, आणि सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला इथले मराठी लोक काळा दिन पाळतात आणि त्याच दिवशी राज्योत्सवाची मिरवणूक निघते. हे सगळं आम्ही घरात, शाळेत, रस्त्यावर बघत वाढलो. त्याचं दुःख खरं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. पण त्याच वर्षांमध्ये, त्याच गल्लीत आणखी काही चाललं होतं. त्याची नोंद कुठे झालेली नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आमचं घर शहापूर-वडगावच्या बाजूला. सकाळपासून मागांचा खटखटाट सुरू, साड्यांचे ताणे गल्लीभर पसरलेले, त्यांच्याखालून वाकून शाळेला जायचं. शेजारचं घर कन्नड विणकरांचं. आमच्याकडे मराठी चांदोबा यायचा, त्यांच्याकडे कन्नड चंदमामा. त्या घरातली माझ्या वयाची मुलगी आणि मी, दोघी दोन अंक घेऊन त्यांच्या कट्ट्यावर बसायचो. पहिलं काम एकच. दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवून पानं एकदम उलटायची आणि बघायचं, चित्र तेच आहे का. तेच असायचं! दर महिन्याला तेच असणार हे माहीत असूनही दर महिन्याला आनंद व्हायचा. राजा तोच, झाड तेच, कोपऱ्यातली कवटीसुद्धा तीच. फक्त माझ्या पानावर बाळबोध अक्षरं आणि तिच्या पानावर गोल गोल.

मग वाचन. मी माझा परिच्छेद मोठ्याने वाचायची, तो संपला की ती “मुंद?” म्हणायची, म्हणजे पुढे काय, आणि लगेच तिचा परिच्छेद वाचायला लागायची. गोष्ट अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये पुढे सरकायची. जिथे अडेल तिथे बोट चित्रावर. हा कोण? प्रधान. याच्या हातात काय? अंगठी. तिला मराठी बोलता येतच होतं, बेळगावात ते कुणाला येत नाही! पण वाचता येत नव्हतं. मला कन्नडचं तसंच. पुढे शाळेत कन्नड विषय आला तेव्हा वर्गातली मुलं अक्षरांना घाबरत होती आणि मला ती ओळखीची वाटत होती, कारण त्या अक्षरांच्या शेजारी शंकर यांची माणसं मी आधीच पाहिलेली होती.

वेताळाचं पान मात्र मी उघडायला बघायची नाही. संध्याकाळी तर नाहीच. त्या घरातली अज्जी हे बघत असायची. तिला कुठलीच लिपी येत नव्हती. जन्मभर मागावर बसलेली बाई, पण चित्र बघण्यात तिचा हात कुणी धरला नसता. वीण चुकलेली लांबून ओळखणारे डोळे होते ते. एकदा तिने मला जवळ बसवून घेतलं, अंक आपल्या मांडीवर पसरला आणि तिच्या त्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाली,

“कशाला घाबरूलीस गे? राजाचं पाय बघ.”

मी बघितले.

“काय करूलाय तो?”

“चालूलाय.”

“पळूलाय काय?”

“न्हाई.”

“मग? खांद्यावर मडं हाय त्याच्या, आनी तोच पळत न्हाई. तू कट्ट्यावर बसून कशाला घाबरूलीस?”

हे माझ्या मनात कायमचं बसलं. त्या चित्रात भयाची सगळी सामग्री आहे. स्मशान, रात्र, कवट्या, मोकळे केस, वर उठलेला तो पांढुरका आकार. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक माणूस साधा चालतो आहे. त्याचं पाऊल लांब आहे पण घाईचं नाही. चित्रातल्या बाकी सगळ्या गोष्टी आपल्याला घाबरवतात आणि ती दोन पावलं धीर देतात. मुलांसाठी काढायचं म्हणून शंकर यांनी स्मशान गोडगोड केलं नाही, वेताळाला विदूषक केलं नाही. त्यांनी मुलाच्या भीतीला पूर्ण मान दिला आणि त्याच चौकटीत तिच्यावरचा उताराही ठेवला. अक्षरशत्रू अज्जीला तो दिसला, याहून मोठी पावती चित्रकाराला काय मिळणार?

आणखी एक. आपल्याकडून घाट उतरून गोव्यात गेलं की वेताळ हा देव आहे. त्याची देवळं आहेत, मूर्ती आहेत, तो गावाचा राखणदार आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या पोरांना हा शब्द नुसता गोष्टीतला नव्हता. गोव्यात सोयरिक असलेल्या घरांतली माणसं वेताळाचं नाव घेताना हात जोडायची. शंकर यांच्या वेताळाला वाईट म्हणावं की चांगलं, हे आम्हांला लहानपणी कळायचं नाही, आणि आता वाटतं, ते बरोबरच होतं. गोष्टीतला वेताळ राजाला छळतो, पण वाट कंटाळवाणी होऊ नये म्हणून त्याला गोष्टही सांगतो, आणि शेवटी कोडं घालून त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा घेतो.

मूळच्या वेताळकथा पंचवीस. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त त्या सांगितल्या. मासिकाने ती संख्या कधीच ओलांडली. मद्रासच्या लेखकांनी तीच चौकट ठेवून नव्या गोष्टी, नवी कोडी रचली आणि मालिका अनेक दशकं चालू राहिली. तेलुगू आवृत्तीचा संपादकीय भार वर्षानुवर्षं वाहणारे कोडवटिगंटी कुटुंबराव यांचा यात मोठा हात होता. गोष्ट दर महिन्याला बदलायची, पण सुरुवात तीच. हट्ट न सोडता राजा झाडाकडे परततो, प्रेत उतरवतो, चालू लागतो. आणि शेवटही तोच. राजा बोलतो, मौन मोडतं, वेताळ प्रेतासह निसटतो.

आता हे चित्रकाराच्या बाजूने बघा. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा. तोच राजा, तेच प्रेत, तेच स्मशान. कंटाळा येऊन हात सैल पडणं किती सोपं होतं! पुढे गोष्टीत दुसरे राजे, व्यापारी, चोर, राजकन्या येणार, आणि प्रत्येक गोष्टीतली माणसं वेगळी दिसायला हवीत. व्यापाऱ्याची पगडी वेगळी, गुराख्याची कांबळी वेगळी, म्हाताऱ्या दासीच्या कानातलं वेगळं. चांदोबाची जुनी पानं आज भिंगाखाली धरली तर कळतं की दूरच्या गर्दीतल्या चिमुकल्या माणसालाही नाक-डोळे आहेत, आणि तो कुठेतरी बघतो आहे. पोरं हे बघतात, यावर शंकर यांचा विश्वास असला पाहिजे. नाहीतर माणूस इतकं करत नाही.

ते एकटे नव्हते, हेही सांगायला हवं. ‘चित्रा’ या नावाने काढणारे टी. वीरराघवन हे धारावाहिक अद्भुतकथांचे चित्रकार. डोंगरकडे, गुहा, विचित्र प्राणी, हे त्यांचं राज्य. १९७८ मध्ये ते गेले. मुखपृष्ठांवर वड्डादि पापय्या, म्हणजे ‘वपा’, त्यांचे रंग आठवले की अजून डोळे निवतात. महाभारताची मुखपृष्ठं रंगवणारे एम. टी. व्ही. आचार्य तर कर्नाटकाचेच. अशा मंडळींत शंकर यांनी स्वतःची रेघ टिकवली आणि त्या फळीतले ते शेवटपर्यंत राहिले. साठ वर्षांच्या आसपास एकाच मासिकासाठी!

रेघेबद्दल थोडं सविस्तर. मी चित्रकार नाही, पण वर्गात मुलांना घेऊन या चित्रांकडे बघायची सवय लावून घेतली आहे, आणि त्यातून बरंच कळलं. शंकर यांच्या चित्रात अंधार काळा फासलेला नसतो, तो रेघांनी विणलेला असतो. जवळच्या वस्तूची रेघ जाड आणि ठाम, लांबच्या भिंतीची बारीक. झाडाच्या खोडावर रेघा खोडाच्या गोलाईबरोबर वळतात, राजाच्या दंडावर दंडाच्या गोलाईबरोबर. म्हणून रात्र असूनही सगळं दिसतं. एका तासाला मी मुलांना म्हटलं, चित्रात काय काय आहे ते नका सांगू, कोण जिवंत आणि कोण मेलेलं ते सांगा, आणि कशावरून ते सांगा. मुलं चेहऱ्यांकडे बघत बसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, “बाई, मड्याची बोटं उघडी हाईत. राजाची मिटल्यात.” सगळा वर्ग पुढे झुकला. तलवारीच्या मुठीभोवती आवळलेली बोटं आणि लोंबत्या हाताची पसरलेली बोटं. एवढ्या दोन हातांत जीव असणं आणि नसणं दाखवलं होतं. मला ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं, त्या मुलाने दाखवलं.

मग देवळं. शंकर यांच्या चित्रांतली गावं दक्षिणेकडची आहेत. गोपुरं, मंडप, कातीव खांब, पायऱ्यांच्या पुष्करणी. पुण्या-मुंबईच्या मुलांना ते परकं वाटत असेल, आम्हांला नाही. खानापूर तालुक्यात हलशी आहे, कदंबांची जुनी राजधानी. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, देगावचं कमलनारायणाचं, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती. घोटीव खांब, दगडी जाळ्या, छताला उलटं लोंबलेलं दगडी कमळ. शाळेची सहल हलशीला गेली तेव्हा आमच्यातलं कुणीतरी देवळाच्या सावलीत शिरताच ओरडलं होतं, “चांदोबातलं देऊळ!” आणि मग सगळी पोरं खांबांमागे लपून विक्रम-वेताळ खेळायला लागली. एक दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या हातात काठी. ज्या चित्रकाराने हलशी पाहिली असण्याचं काही कारण नाही, त्याच्यामुळे आम्ही आमच्याच तालुक्यातलं हजार वर्षांच्या आसपासचं देऊळ नीट बघायला शिकलो. एरवी सहलीत आम्ही डबे उघडून बसलो असतो.

मुलांच्या पुस्तकात काढणाऱ्याला ‘नुसता इलस्ट्रेटर’ म्हणायची एक रीत आहे. मला ती सहन होत नाही, आणि बेळगावात राहून तर मुळीच होऊ नये. हे शहर चित्रकार के. बी. कुलकर्णींचं आहे. त्यांनी इथे बसून पिढ्या घडवल्या. त्यांच्याकडे शिकलेले रवी परांजपे १९३५ साली बेळगावात जन्मले, मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात गेले, नैरोबीत काम केलं, परत आले आणि बोधचित्रांना त्यांनी असा दर्जा दिला की लोक जाहिरातीचं पानसुद्धा जपून ठेवू लागले. २०२२ मध्ये ते पुण्यात गेले. चौकटीतलं तैलचित्र मोठं आणि छापील पानावरचं लहान, ही उतरंड परांजप्यांनी आपल्या कामाने मोडली. शंकर यांनी ती मोडायचा प्रयत्नही केला नाही, ते काढत राहिले. पण परिणाम बघा. कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या विणकराच्या घरात, शेतकऱ्याच्या घरात, दर महिन्याला उत्तम रेखाटनांची एक जुडी पोचत होती. अज्जीच्या मांडीवर ती उघडली जात होती. याहून मोठं दालन कुठलं?

मासिकाचे शेवटचे दिवस चांगले गेले नाहीत. १९९८ मध्ये ते बंद पडलं, वर्षभराने पुन्हा सुरू झालं, २००७ मध्ये मालकी बदलून एका मुंबईच्या कंपनीकडे गेली आणि पाचसहा वर्षांत अंक येणं थांबलं. शंकर ऐंशी ओलांडल्यावरही काढत होते, मासिक थांबेपर्यंत काढत होते. २९ सप्टेंबर २०२० ला, ९६ व्या वर्षी, चेन्नईत त्यांचं निधन झालं. ते कोरोनाचं वर्ष, रोज वाईट बातमी, त्यात ही बातमी आमच्याकडे कोपऱ्यातच आली. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी रागही आला. ९६ वर्षं जगलेल्या माणसाला हा मान हातात देता आला नाही? निदान सहा दशकं त्यांच्या कामाचा डोंगर वाढताना सगळ्यांना दिसत होता.

ती शेजारची मैत्रीण लग्न होऊन हुबळीला गेली. त्या दिवशी मी तिला फोन केला. तिनेही बातमी वाचली होती, कन्नड पेपरात. थोडा वेळ आम्ही काय काय आठवतं ते बोलत राहिलो. शेवटच्या पानावरची फोटोंना नावं द्यायची स्पर्धा, अंक कुणाकडे आधी यायचा त्यावरून भांडणं, तिच्या भावाने वेताळाला पेनाने काढलेल्या मिशा. अज्जीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, “तिला नाव माहीत असतं तर तिनं त्याला एक साडी पाठवली असती गे, त्याच्या बायकोसाठी.”

आता आमच्या शाळेबद्दल. आवार एकच, इमारती दोन. एकीत मराठी वर्ग, दुसरीत कन्नड. मधल्या सुट्टीत पोरं एकच होतात, घंटा झाली की वेगळी. पलीकडच्या कन्नड शिक्षिका आणि मी, आम्ही मिळून एक उपक्रम घेतला. शंकर यांची काही चित्रं मोठी करून घेतली, मजकूर काढून टाकला आणि तीच चित्रं दोन्ही बाजूंच्या चौथीच्या मुलांना दिली. सांगितलं, गोष्ट तुम्ही लिहा. मराठी मुलांच्या गोष्टीत राजा राजहंसगडावरून निघाला, वाटेत यल्लम्माच्या जत्रेला थांबला. कन्नड मुलांच्या गोष्टीत तो गोकाकचा धबधबा ओलांडून आला आणि त्याला करदंट, म्हणजे तिथली मिठाई, खायला मिळाली. एका मुलीने वेताळाला शाळा सोडलेला मुलगा केलं होतं, तो राजाच्या खांद्यावर बसून म्हणत होता, मला शाळेत नेऊ नको. तिच्या शेजारचीने लगेच विचारलं, मग राजा इतका चांगला चालूलाय, त्याला थांबवूलीस कशाला? दोन्ही गोष्टी एकाच भित्तिपत्रकावर लावल्या, मधे चित्र, डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. पालकसभेला आलेली माणसं तिथे जितका वेळ उभी राहिली, तितका वेळ ती प्रगतिपुस्तकासमोर थांबत नाहीत. आणि पोरं एकमेकांना दुसऱ्या बाजूचं वाचून दाखवत होती, अडलं की बोट चित्रावर.

पुढच्या वर्षी हे तिसरीपासून करायचं ठरलं आहे. अडचण एकच, आमच्याकडे चित्रं थोडी आहेत. इंटरनेटवर काही अंक मिळतात, पण त्यांतल्या बारीक रेघा बऱ्याचदा पुसटलेल्या असतात, आणि मला नेमक्या त्या रेघाच मुलांना दाखवायच्या आहेत. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी, कुठेही माळ्यावर वडिलांनी किंवा आजोबांनी पुठ्ठा घालून शिवून ठेवलेले चांदोबा किंवा चंदमामा असतील, तर ते रद्दीत घालू नका. आम्हांला देऊन टाका असं म्हणत नाही. एक दिवस उसने द्या, पानांच्या नीट प्रती काढून घेऊ आणि जसेच्या तसे घरपोच करू. मराठी असोत की कन्नड, दोन्ही चालतील.